आधी तुमी बसा

"विरेश, परत पडला रे प्रोग्राम. सुरूच होत नाहीये," कंपनीतली आरोही पुण्याहून फोनवर सांगत होती. "तुझ्याच लोडरमध्ये अडकतोय."

"बघतो," विरेश म्हणाला. आणखी काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. पण काय ते सुचेपर्यंत तिनं फोन ठेवलाही होता. त्याच्या वयाचं माणूस त्याच्याशी बोलायचं ते एवढंच, तेही काही बिघडलं तरच.

तामलवाडीच्या घरात बसून तो पुण्यातल्या कंपनीसाठी जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचा. आई आजारी पडली म्हणून आला होता. ती गेली, आणि वडलांना, अप्पांना, एकटं कसं टाकायचं म्हणून तो राहिला. आता कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं होतं. येणार की नोकरी सोडणार, हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. त्याला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. एकदा विषय काढला तर अप्पा म्हणाले, "तुला बरं वाटंल तसं कर." विरेश म्हणाला, "तुमी म्हणाल तसं." घोडं तिथंच अडलं.

त्यानं पडद्यावरची चुकांची रांग खाली सरकवली. तीच दोन नावं आलटून पालटून, संपेचनात. प्रोग्रामला लागणारा प्रत्येक क्लास, म्हणजे कोडचा एकेक तुकडा, त्याचा लोडर शोधून आणायचा. मागच्या आठवड्यात विरेशनं एक शहाणपण केलं होतं: कुठलाही क्लास आणण्याआधी त्याची नोंद झालीच पाहिजे. पण नोंद करणारा हाही एक क्लासच! तो आणायचा तर आधी नोंद हवी, आणि नोंदीसाठी पुन्हा तोच हवा. बिचारा लोडर स्वतःलाच हाका मारत बसला आणि शेवटी मेमरीतली जागा संपून कोसळला.

"गाढव आहेस," विरेश स्वतःला म्हणाला. इलाज साधा होता. त्या एका क्लासला अट माफ करायची आणि त्याला आधीच मुकाट्यानं आणून बसवायचं. प्रोग्राम सुरू झाला. आरोहीनं अंगठ्याचं चित्र पाठवलं, बोलणं संपलं.

"विरू, भाकरी थंड व्हायलीय!"

स्वयंपाकघरात अप्पांनी दोन ताटं मांडली होती. वाढलं एकातही नव्हतं. अप्पांचा, म्हणजे कल्याणप्पांचा, उभा जन्म तुळजापुरात खणांच्या दुकानात गेला होता. आता ते वेड्यावाकड्या भाकऱ्या थापायचे. या घरात जगदेवी, विरेशची आई, सगळ्यांची पोटं भरल्यावर शेवटी जेवायची. तिच्या माघारी शेवटची ती जागा दोघांनीही धरली होती आणि रोज दुपारी हाच तमाशा व्हायचा.

"आधी तुमी बसा अप्पा."

"तू बस. म्या बसतो मागनं."

"तुमचं होऊ द्या की."

"मला लई भूक न्हाय आत्ता."

"मलाबी न्हाय."

दोघांच्याही पोटात कावळे ओरडत होते. उडदाच्या डाळीचं घुटं निवून घट्ट झालं. अप्पा चुलीकडं बघत राहिले, विरेश अप्पांकडं. इथंही कुणीतरी अट मोडल्याशिवाय काही हलणार नव्हतं.

विरेश खाली बसला. त्यानं ताट ओढलं, भाकरी वाढून घेतली, मोडली आणि घास घेतला. आईला तिच्या त्या शेवटच्या जागेवरून हात धरून उठवल्यासारखं त्याला वाटलं. घास गिळून तो म्हणाला, "अप्पा, मी पुण्याला जातो."

अप्पांनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "व्हय. जायलाच पायजे," ते म्हणाले. "घुटं घे अजून."

तो पोटभर जेवला. अप्पा वाढत राहिले. हात धुऊन तो घुटमळला, तसे अप्पा म्हणाले, "जा, कळव त्यास्नी. म्या बसतोच आता."

खोलीत येऊन विरेशनं 'येतोय' असं लिहून पाठवलं. मग स्वयंपाकघरात अप्पांचं ताट वाजतं का, म्हणून तो कान देऊन बसला. बराच वेळ काहीच वाजलं नाही.