विदेशी लॉन

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तनुजाला बघायला फुलंब्री रोडला गेलो तेव्हा खिशात भिंग होतं. ते असतंच. सोबत काकासाहेब, माझे थोरले चुलते.

पोह्यांच्या आधीच मुलीच्या वडिलांनी, तात्यासाहेबांनी, आम्हाला चपला काढायला लावून अंगणात उभं केलं. जमिनीला चिकटून काहीतरी हिरवं, दाट पसरलं होतं.

"आमचं लॉन. शहागंजातून बी आणलं. रोज पाणी देतो. तुम्ही झाडाझुडपांचे मास्तर ना? ओळखा जात."

काकासाहेब कानात म्हणाले, "छान म्हण अन् पोहे खा."

मी उकिडवा बसलो, एक काडी मोडली. पांढरा चीक आला.

"हे गवतच नाय. दुधी आहे. तण."

"तण? आमच्या दारात?" तात्यासाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय ते मीच पेरून गेलो होतो. काकासाहेब चपला शोधू लागले.

इथं गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "ह्यात दोन जाती सारख्याच दिसतात. फळावर सगळीकडं लव असली तर एक, फक्त कडांवर असली तर दुसरी. अजून फळ धरलं नाय, म्हणून नक्की सांगता येत नाय. दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या."

"अमेरिकेतल्या?"

तात्यासाहेब भिंतीपाशी गेले अन् शेजाऱ्याला हाक मारली, "ओ आप्पा! आमचं लॉन विदेशी निघालं!"

तनुजा पोहे घेऊन दारात उभी होती.

"तात्या, आधीची स्थळं काय म्हणाली होती लॉनला?"

"लई सुंदर म्हणाली."

"म्हणून तर मी नाय म्हणलं. ह्यांना व्हय म्हणा."

लग्नासाठी तात्यासाहेबांना एकही मंगल कार्यालय पसंत पडेना. मांडव अंगणातच पडला. पत्रिकेत विवाहस्थळ छापलं: 'विदेशी लॉन्स'. दुधीची काडीही उपटायला सगळ्यांना बंदी होती. मला जरा जास्तच.

मंगलाष्टकं सुरू झाली. मधे अंतरपाट. मान खाली घातली तर पाटाशेजारी दुधीला फळं लागलेली. मी भिंग काढून वाकलो. वऱ्हाडाला वाटलं, नवरदेव लई संस्कारी, भुईच्या पाया पडतोय. काकासाहेबांनी मागून शेरवानी ओढली.

अंतरपाटापलीकडून तनुजानं हळूच विचारलं, "लव आहे?"

"आहे. फक्त कडांवर."

"म्हणजे ओळख पटली. आता सरळ उभे राहा, लोकांच्या अक्षता संपायला आल्यात."