खिशातला ठोकळा

फाउंड्रीच्या पॅटर्नशॉपमध्ये त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. ज्याने हे नाव ठेवलं त्याला चेष्टा करायची होती. मिलिमीटरने ते कौतुक समजून घेतलं, त्यामुळे चेष्टेतली मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं. लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा घेतात, तो लाकडी नमुना बनवणं हे त्याचं काम. नमुना केसभर चुकला की लोखंडही केसभर चुकतं, आणि लोखंडाला नंतर रंधा मारता येत नाही. त्यामुळे मिलिमीटर आयुष्यातला प्रत्येक निर्णय आधी लाकडात करून बघायचा.

कॅमेरा घ्यायचा ठरला तो मावशीमुळे. मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती त्याच्याच घरी राहत होती आणि आता महिनाअखेरीस लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणजे फोटो पुष्कळ होते, पण त्यांत मावशी नव्हती, मावशीचा तळहात होता. कुणी फोन वर उचलला की तिचा हात आपोआप तोंडासमोर यायचा. मिलिमीटरच्या लग्नाचा एक फोटो होता, त्यात डावीकडे नवरा, उजवीकडे नवरी आणि मधोमध तळहात. रेषा मात्र फार स्पष्ट आल्या होत्या.

याला कारण मावशीची नोकरी. तिने सगळी हयात एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करण्यात घालवली होती. निगेटिव्ह उजेडावर धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिलने लोकांच्या सुरकुत्या आणि डाग बुजवायचे. गावातली निम्मी लग्नं आपल्या पेन्सिलीवर जमली, असं ती म्हणायची.

"माझ्या तोंडावर किती काम आहे ते मला दिसतं," ती म्हणायची. "आणि ते करायला आता आहे कोण?"

हॉलच्या भिंतीवर मिलिमीटरच्या आईचा फोटो होता. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की तिचा चेहरा त्याला या फोटोवरूनच माहीत होता. आणि हा फोटोही मावशीच्या हाताखालून गेलेला होता.

"ओठाजवळ तीळ होता तिच्या," मावशी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती. "ती म्हणाली काढ, मी काढला. छान निघाला."

तेव्हापासून मिलिमीटर तो फोटो जवळ जाऊन बघायचा. तीळ खरंच छान निघाला होता. कुठे होता तेसुद्धा कळत नव्हतं.

मावशीचं तसं व्हायला नको होतं. एक फोटो, जसा आहे तसा, एवढंच त्याला हवं होतं. फोन उपयोगाचा नव्हता, कारण वर उचललेला फोन मावशीला पाठमोरी असतानाही कळायचा. हवा होता छोटा कॅमेरा, रोज खिशात राहणारा, आवाज न करणारा, हात कमरेवरून न हलवता फोटो काढणारा.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने काचेवर तीन कॅमेरे मांडले. मिलिमीटरने खिशातून व्हर्नियर काढला आणि तिघांची लांबी, रुंदी, जाडी मोजून घेतली. मग वजनं विचारली.

"कपाट करायचंय का त्यांना?" दुकानदार म्हणाला.

"ठोकळे करायचेत. आठवडाभर एकेक खिशात वागवून बघतो. मग सांगतो."

दुकानदाराच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. गिऱ्हाईक विचार करून सांगतो म्हणतं तेव्हा काय समजायचं ते त्याला ठाऊक होतं. ठोकळे करून सांगतो म्हणणारं त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

उरल्यासुरल्या लाकडातून मिलिमीटरने तीन ठोकळे केले. आतून कोरून शिसं भरलं, वजन ग्रॅमात जुळवलं. वर बटण बसवलं, पुढे भिंगाच्या जागी काळा गोल रंगवला. कडा खऱ्या कॅमेऱ्याइतक्याच गोल केल्या, कारण खिसा फाटतो तो कडांनी.

पहिल्याच दिवशी फाटकावरच्या वॉचमनने खिसा चाचपला.

"हे काय? कॅमेरा आत न्यायला बंदी आहे."

"लाकूड आहे."

वॉचमनने ठोकळा वाजवून बघितला, वास घेतला, परत दिला. "बरं. पण आत याने फोटो काढायचे नाहीत."

"नाही काढणार," मिलिमीटर म्हणाला.

पहिला ठोकळा खिशात छान बसला, पण दुकानात खरा सुरू करून बघितल्यावर त्याचं भिंग घुर्र करत बाहेर आलं. मावशीच्या कानाला तेवढं पुरेसं होतं. तो बाद. तिसरा ठोकळा इतका लहान होता की विसरला गेला आणि वॉशिंग मशिनमधून फिरून आला.

"अहो, लोकांच्या खिशात नोटा सापडतात, चिठ्ठ्या सापडतात," बायको तो ओला ठोकळा त्याच्यासमोर ठेवत म्हणाली. "माझ्या नशिबी ओंडके."

"खरा असता तर गेला असता," मिलिमीटर म्हणाला. "बरं झालं, आधी कळलं."

"मशिनला विचारा बरं झालं का."

राहिला दुसरा. जरा जाड होता, पण त्याच्या खऱ्या कॅमेऱ्याचं भिंग बाहेर यायचं नाही आणि बटणाला आवाज नव्हता. त्याने शर्टाचा खिसा ओघळायचा, पँटच्या उजव्या खिशात मात्र तो असा बसायचा की जणू खिसा त्याच्यावरूनच शिवला असावा. मिलिमीटर येता-जाता तो काढण्याचा सराव करू लागला. खिसा, कंबर, बटण, पुन्हा खिसा. पॅटर्नशॉपमधल्यांनी दोन दिवस बघितलं आणि मग तेही समोरून जाताना केस सारखे करू लागले.

असाच सराव करताना मावशीने त्याला पकडलं. तिचा तळहात वर गेलाच होता.

"लाकूड आहे," मिलिमीटर म्हणाला. हे वाक्य आता त्याच्या तोंडात बसलं होतं.

मावशीने ठोकळा हातात घेतला, उलटापालटा केला. "यातून काही निघत नाही?"

"काही नाही."

"नक्की?"

"बटण दाबून बघ."

मावशीने बटण दाबलं. मग ती उठली, खिडकीशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली, एक खांदा जरा वळवला, हनुवटी खाली घेतली आणि हात मांडीवर ठेवले. हजारो लोकांना असं बसलेलं तिने बघितलं होतं. स्वतः बसायची ही पहिलीच खेप.

"काढ बघू. कमरेवरून काय काढतोस चोरासारखा? डोळ्यासमोर धर. उन्हं उतरल्यावर उजेड डावीकडून येतो, त्यात घे. आणि श्वास सोडून दाब."

मिलिमीटरने श्वास सोडला आणि दाबलं.

"आला का?"

"आला," मिलिमीटर म्हणाला.

त्यानंतर रोज उन्हं उतरली की मावशी खुर्चीत बसायची आणि मिलिमीटर लाकडाने तिचा फोटो काढायचा. ती त्याच्या चुका काढायची: हात हलला, मान कापली, उजेड गेला. एकदा तर म्हणाली, "आजचा ठेवू नकोस, माझे डोळे मिटले होते." मिलिमीटरने मान डोलावली.

बायको हे सगळं बघत होती. "आता आणा तो खरा," ती एक दिवस स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "आणि वरून लाकूड चिकटवा. तुम्हाला काय अवघड आहे? मावशींना पत्ता लागणार नाही."

मिलिमीटरने विचार केला आणि गेला दुकानात. दुकानदाराला तो खरंच विकत घ्यायला आलेला बघून ठोकळ्यांबद्दल थोडा आदर वाटला. त्याने दुसरा कॅमेरा डब्यातून काढला आणि त्याला काळी दोरी ओवून दिली.

"एक लक्षात ठेवा. दोरी आधी मनगटात घालायची, मग कॅमेरा खिशातून काढायचा. पडला तर याला ठोकळ्यासारखं उचलता येत नाही."

मिलिमीटरला सूचना आवडतात. घरी येऊन त्याने लाकडाचा कागदाइतका पातळ पापुद्रा काढला आणि कॅमेऱ्याच्या अंगावर बसवला. रेषा ठोकळ्यावरच्या रेषांशी जुळवल्या. बायकोच्या हातात दोन्ही दिले तर तिने ठोकळा सुरू करायचा प्रयत्न केला. काम चोख झालं होतं. त्याचं त्याला मात्र बरं वाटत नव्हतं. चुकीच्या मापाचा नमुना साहेबांनी पास केला की असं वाटतं.

मावशी निघायला दोन दिवस उरले होते. उन्हं उतरली. मावशी खुर्चीत बसली. खांदा वळला, हनुवटी खाली आली. मिलिमीटरने खिशातून कॅमेरा काढला आणि डोळ्यासमोर धरला. उजेड डावीकडून होता, चौकटीत मावशी होती, तळहात नव्हता. बटणावर बोट होतं. बोट खाली जाईना.

"काय झालं?" मावशी ओठ न हलवता म्हणाली. "लाकूड बिघडलं?"

मिलिमीटरने कॅमेरा खाली घेतला. "मावशी, हा खरा आहे."

"दिसतंय."

"कशावरून? वजन तेच आहे. रेषाही जुळवल्यात."

"रेषांचं मी काय करू? ठोकळ्याला कुणी दोरी बांधून मनगटात घालतं का?"

मिलिमीटरने मनगटाकडे बघितलं. दोरी होती. दारात उभ्या असलेल्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"मग तू हात का नाही आणलास आडवा?"

"हात आणला की खांदा बिघडतो," मावशी म्हणाली. "इतकी नीट बसलेय, ते काय पुन्हा बसायला? दाब आता. श्वास सोड आधी."

दुसऱ्या दिवशी मिलिमीटर फोटो छापून घेऊन आला. मावशीने ट्रंकेत भरलेलं भिंग बाहेर काढलं, ब्लेडने पेन्सिलीला सुईसारखं टोक केलं आणि टेबलाशी बसली. बराच वेळ तिने नुसतं बघितलं.

"बाप रे," ती म्हणाली. "आठवड्याचं काम आहे."

तिने पेन्सिल डोळ्याखालच्या सुरकुतीला लावली. पेन्सिल घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. कागद आरशासारखा गुळगुळीत होता.

"हा कसला कागद? यावर पेन्सिल बसतच नाही. खरबरीत नव्हता दुकानात?"

"होता," मिलिमीटर म्हणाला.

मावशीने भिंगातूनच त्याच्याकडे बघितलं. भिंगात तिचा डोळा बशीएवढा दिसत होता. "बराच शिकलास की रे."

मावशीने फोटो बाजूला ठेवला. फाडला नाही, पालथाही घातला नाही. मग हातातल्या पेन्सिलीकडे बघून म्हणाली, "टोक केलंय ते वाया कशाला घालवायचं? तो काढ भिंतीवरचा."

मिलिमीटरने आईचा फोटो उतरवला, मागचे बारीक खिळे काढले, काच बाजूला केली. हा कागद जुना होता, खरबरीत. मावशीने भिंग लावलं आणि आईच्या ओठांभोवती पेन्सिल न टेकवता फिरवली. एकदा डावीकडे थांबली. एकदा जरा वर गेली. परत खाली आली.

"अशी हसली की तो थोडा वर जायचा," ती म्हणाली. "इथे ती नीटशी हसलेली नाही."

शेवटी तिने पेन्सिल टेकवली, एक बारीक ठिपका दिला, त्यावर आणखी एक, आणि मागे सरून बघितलं.

"इथे होता. साधारण."

मिलिमीटर टेबलावर वाकला. त्याचा व्हर्नियर खिशातच होता, ठोकळ्याशेजारी. त्याने तो काढला नाही.

"साधारण चालेल," तो म्हणाला.