मदत नको

काकांचं सोफ्यांचं दुकान होतं. फोम कापणं, स्प्रिंगा बसवणं, वरून रेक्झिन ताणून ठोकणं, हे सगळं ते अजून स्वतःच्या हातानं करायचे आणि करताना अखंड बोलायचे. तोंडात ठोकायचे बारीक खिळे धरलेले असले तरी बोलायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाची बिट्टी हीच आपली लेक, असं ते भावाच्या देखत सांगायचे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेला भाऊ ते हसून घ्यायचा.

बिट्टी अभ्यासात इतकी तल्लख, की अमेरिकेत शिकायला जाण्याचं खूळ तिच्या डोक्यात तिच्या शिक्षकांनीच घातलं. एका नावाजलेल्या कॉलेजचा अर्ज भरताना ती एका प्रश्नाशी अडली आणि लॅपटॉप काखेत मारून थेट दुकानात आली.

"काका, आर्थिक मदत हवी का, असं विचारलंय. परदेशी मुलांनी मदत मागितली की प्रवेश मिळणं फार अवघड होतं म्हणतात. नको म्हटलं तर जरा सोपं जातं. पण मग सगळा खर्च आपला."

"किती?"

तिनं आकडा दाखवला. काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, आकडा दोनदा वाचला, मनातल्या मनात मागचं गोदाम विकून टाकलं आणि म्हणाले, "नको म्हणून टाक. काका अजून जिवंत आहे तुझा."

"नक्की? एकदा बाबांना विचारू का?"

"त्याला काय विचारतेस? मी सांगतोय ना!"

बिट्टीनं तिथेच फोमच्या ढिगावर बसून 'नाही'वर खूण केली.

प्रवेश मिळाला. काका तर हवेतच होते. उशीचं कव्हर शिवून घ्यायला आलेल्या बाईलासुद्धा कॉलेजचं नाव ऐकल्याशिवाय सुटका नव्हती. गोदामाला गिऱ्हाईक मिळालं, सौदा ठरला. मग कॉलेजनं नव्या मुलांच्या पालकांसाठी एक ऑनलाइन बैठक ठेवली. भावाच्या घरी सगळे लॅपटॉपसमोर जमले. काका इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध. पडद्यावर कॉलेजची एक हसरी बाई बोलत होती आणि बिट्टी भराभर मराठीत सांगत होती.

"म्हणतायत, फी दरवर्षी थोडी वाढते. तेव्हा दुसऱ्या वर्षासाठी यापेक्षा जास्त रक्कम धरून ठेवा."

"दुसऱ्या वर्षी?" काकांनी विचारलं. "दुसऱ्या वर्षी कसले पैसे?"

बिट्टी बोलायची थांबली. पडद्यावरची बाई बोलतच राहिली.

"काका, तो आकडा एका वर्षाचा आहे."

"कुठला आकडा?"

"मी दाखवला होता तो. तुम्हाला माहीत होतं ना?"

इथल्या कॉलेजवाल्यांनी ओळखीपाळखीच्या पोरांना सगळ्या शिक्षणाचा मिळून एकच आकडा सांगितलेला काकांनी ऐकला होता. हाही तसाच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. बिट्टीनं माईक सुरू करून विचारलं, आता मदत मागता येईल का? बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं की सुरुवातीला ज्यांनी नको म्हटलंय, त्यांना चारही वर्षं मागता येत नाही. अर्जात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

भाऊ उठला. आयुष्यात कधी थोरल्या भावापुढे आवाज चढवला नव्हता त्यानं. आताही नाही चढवला.

"दादा, मला एकदा विचारायचं तरी."

त्यानंतर दुकानात काका बोलेनासे झाले. गिऱ्हाइकांना वाटलं, दाढ दुखत असेल. एक दिवस त्यांनी घरी जाहीर केलं, दुकान विकू, राहतं घरही विकू.

"आणि आपण राहायचं कुठे? गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर?" काकू म्हणाल्या.

पण खरा नकार दिला तो बिट्टीनंच. "सगळं विकूनही दोनच वर्षं निघतील, काका. मग अर्धं शिक्षण घेऊन परत येऊ? मी एक वर्ष थांबते. पुन्हा अर्ज करते, आणि या वेळी खरं ते लिहिते."

तिनं ती जागा सोडली. वर्षभर शिकवण्या घेतल्या, प्रवेशासाठीची एक परीक्षा पुन्हा देऊन आणखी गुण मिळवले. त्याच कॉलेजात पुन्हा अर्ज केला, आणखी काही ठिकाणी केले, सगळीकडे 'हो, मदत हवी' असं लिहून. काकांना खात्री होती. एकदा निवडलेली पोरगी ते कशाला सोडतील?

त्या कॉलेजचं उत्तर आलं. नाही.

बिट्टीनं ते वाचून दाखवलं तेव्हा काका खुर्चीच्या पाठीला कापड ताणत होते. हात तसाच राहिला.

"पुन्हा वाच."

तिनं वाचलं.

"पोरगी तीच. गुण तर वाढलेत. मग बदललं काय?"

"खूण बदलली, काका."

काकांना आठवलं. गेल्या वर्षी छाती फुगवून ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, आमची बिट्टी निवडली म्हणून. मग कॉलेजनं निवडलं होतं ते नेमकं काय? तिचं डोकं, की माझं गोदाम? हा विचार आला आणि ताणलेलं कापड हातातून सुटून फटकन मागे गेलं.

"असं असतं?" एवढंच ते म्हणाले. "सरळसरळ असं असतं?"

"सगळीकडे नसतं," बिट्टी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एका लहान गावातल्या लहान कॉलेजनं तिला घेतलं. फी आणि राहण्याखाण्याचा जवळपास सगळा खर्च त्यांचा, गुण टिकले तर चारही वर्षं. त्या कॉलेजचं नाव काकांच्या तोंडात बसेना. भावानं स्वतः बसून सगळा कागद ओळीनं वाचला, शंका लिहून विचारल्या, आणि मगच होकार कळवला. वरचा खर्च दोघा भावांनी वाटून घेतला.

बिट्टी आता तिथे रसायनशास्त्र शिकते. फोनवर जेवणाच्या आणि थंडीच्या तक्रारी करते, प्रयोगशाळेबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. काकांचं दुकान पुन्हा बोलकं झालंय. पण कुणी कौतुकानं म्हणालं, "हुशारच आहे हो तुमची मुलगी, म्हणून तर घेतली," की काका हातातली हातोडी खाली ठेवतात आणि म्हणतात, "हुशार तर ती नकार आला तेव्हाही होती."