खोकलेबाई

घरात मला सगळे खोकलेबाई म्हणतात. नाव दादाने ठेवलं. अख्खी नोकरी मी डांग्या खोकल्याच्या मागे घालवली. तो कुठे होतो, कोणाकडून कोणाला होतो, लस घेतलेल्यांना का होत नाही, हे शोधत फिरले. दादाच्या मते हे म्हणजे दुसऱ्यांच्या खोकल्यावर पोट भरणं.

या कामात यश आलं की नोकरीच जाते. कित्येक वर्षांत एकही रुग्ण सापडला नाही, तेव्हा साहेबांनी बोलावलं.

"मॅडम, तुमचा आजारच संपलाय. विभाग बंद करावा लागेल."

"लोक लस घेतात म्हणून रुग्ण नाहीत, साहेब. आणि आता तेही टाळाटाळ करायला लागलेत."

"एखादी केस दाखवा, मग बोलू."

डोकं असं फिरलं, की समोरचा चहा तसाच ठेवून उठले.

त्याच सुमारास वहिनी गरोदर होती. मी दादाला बजावलं, हिला लस दे आणि तूही घे. जन्मल्या जन्मल्या बाळाला ही लस देता येत नाही. ती मिळेपर्यंत त्याला आईच्या लशीचीच शिदोरी. दादा हसला. "ऑफिस घरी आणू नकोस. सुई टोचून काही झालं तर तू निस्तरणार का?" मी भांडले, रडले, शेवटी हात टेकले.

मुलगी झाली. पण दादाने मलाच दारबंदी केली. "तू दिवसभर जंतूंत वावरतेस, सध्या येऊ नकोस." भाचीला मी फोटोतच पाहिलं, गालाखाली मूठ घेऊन झोपलेली.

एका दुपारी वहिनीचा फोन आला. "ताई, बाळ दूधच ओढत नाही हो. मध्येच श्वास थांबतो, ओठ निळे पडतात." तिच्या मागे कोणीतरी खोकत होतं. दम संपेपर्यंत खोकल्यावर खोकला, आणि मग घशातून शीळ घालत आत ओढलेला लांब श्वास.

"कोण खोकतंय?"

"हेच. बरेच दिवस झाले. धूळ बाधली म्हणतात."

ती शीळ मी झोपेतही ओळखली असती. "बाळाला उचल आणि हॉस्पिटलात नीघ. आत्ता."

बाळाच्या नाकातला नमुना मीच प्रयोगशाळेत नेला. मला ठाऊक होतं तेच अहवालात आलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः हॉस्पिटलात हजर. अतिदक्षता विभागाच्या दाराशी, दादा बाकावर बसलेला असताना, ते खुशीत म्हणाले, "आता विभागाला कोण हात लावतो बघू! केस अगदी वेळेवर मिळाली, मॅडम." ती माझी भाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तरी त्यांची जीभ हासडावीशी वाटली.

बाळ वाचलं नाही.

वहिनी आत बाळापाशी होती. दादा त्याच बाकावर. मी जवळ गेले तसा मान वर न करता म्हणाला, "मिळाली ना तुला केस? राहिली ना नोकरी?"

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला कवटाळून रडायचं होतं आणि एक सणसणीत ठेवूनही द्यायची होती. दोन्ही जमलं नाही. शेजारी बसले आणि प्रत्येक रुग्णाच्या घरी जो प्रश्न आधी विचारते, तोच विचारला.

"दादा, तुला खोकला कधीपासून आहे?"

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि ढास लागली. भिंतीला हात टेकून तो श्वास ओढत राहिला. आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला काहीच सांगावं लागलं नाही.