योसेफ दाराबाहेर

आमच्या ह्यांना नाताळात एकाच माणसाचं कौतुक, योसेफाचं. "आपल्या धंद्यातला माणूस आहे," असं दरवर्षी म्हणायचं आणि स्वतः कोरलेला तो वीतभर लाकडी योसेफ नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात सगळ्यांच्या पुढे उभा करायचा. मरिया मागे, मेंढपाळ कोपऱ्यात, आणि गव्हाणीतलं बाळ बघायला पाहुण्यांना मान वाकडी करावी लागायची. मी म्हणायचे, "अहो, जन्म बाळाचा झालाय, सुताराचा नाही." पण पालथ्या घड्यावर पाणी.

या वर्षी मला थट्टा सुचत नव्हती. मुलानं उन्हाळ्यात लग्न केलं. सून विधवा, तिला पहिल्या नवऱ्याची सहा वर्षांची मुलगी. सुनेला ह्यांनी चालवून घेतलं, पण पोरीचा विषय निघाला की कपाळाला आठ्या. "जी आपल्या रक्ताची नाही, ती आपल्या घरातली कशी?" हे वाक्य ह्यांनी जेवताना, पोरीच्या देखत, एकदा नाही दहादा ऐकवलं. आम्ही सगळे तिला लाडानं खारू म्हणतो. हे म्हणतात, "ती". पहिल्या दिवशी तिनं ह्यांना आजोबा म्हणून हाक मारली होती, तेव्हा ह्यांनी मान वर केली नाही. तेव्हापासून ती शेजाऱ्यांसारखं 'सुतारकाका' म्हणते.

शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आम्ही दुसरीकडे राहायला जातो. नाताळसुद्धा तिकडेच करू." नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन तिनंच खोकी बांधत होता. सून डोळे पुसत भांडी कागदात गुंडाळत होती. मुलाला अडवावं तर पोरीचे हाल, जाऊ द्यावं तर घर रिकामं. माझी इकडे आड, तिकडे विहीर.

खारूला गुंतवून ठेवायला मी तिला गोठा मांडायला दिला आणि गोष्टही सांगितली. बाळ देवाचं, ते मरियेच्या पोटी आलं, योसेफाचं ते रक्ताचं नव्हतं. पुढचं सांगायच्या आत दूध उतू गेलं आणि मी आत पळाले.

तेवढ्यात हे कामावरून आले आणि दारातच थबकले. उंबऱ्याबाहेर पायपुसण्यावर योसेफ एकटा उभा!

"ह्याला बाहेर कुणी काढलं?" हत्यारांची पेटी ह्यांनी दाणकन खाली ठेवली.

"मी," खारू म्हणाली. "बाळ त्यांच्या रक्ताचं नाही ना, सुतारकाका. मग ते त्या घरातले कसे?"

त्यात टोमणा नव्हता. घरात एक नियम तिनं ऐकला होता आणि शहाण्या मुलीसारखा पाळला होता. खोकी बांधणारे मुलाचे हात थांबले.

हे गुडघ्यावर हात टेकवून खाली वाकले आणि योसेफ उचलला. त्याची काठी निखळली होती.

"अगं, बाळाचं नाव ठेवायला देवानं ह्यालाच सांगितलं होतं," हे म्हणाले. "राजा बाळाच्या जिवावर उठला, तेव्हा त्याला घेऊन रातोरात हाच निघाला. हा बाहेर उभा राहिला असता तर..."

"तर बाळाचं काय झालं असतं?"

हे बांधलेल्या खोक्यांकडे बघत राहिले. देवानं आपलं लेकरू एका परक्याच्या भरवशावर सोडलं आणि त्या परक्यानं ते आपलं म्हणून घेतलं, एवढाच तर हा सण. ज्याला आपल्या धंद्यातला म्हणून जन्मभर मिरवलं, त्याचं खरं मोठेपण ह्यांना आत्ता कळत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हे योसेफाला घेऊन तडक मागच्या खोलीत गेले. झालं, म्हटलं, आता फुगून बसणार. तर आतून हाक आली.

"खारू! काठी चिकटवायला आजोबांच्या पेटीतली सरसाची बाटली आण बघू."

पोर जागची हलेना. तिनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग दबकत विचारलं, "कुठल्या आजोबांच्या?"

आतून उत्तर आलं, "ह्या घरात दुसरा कुठला म्हातारा दिसतोय तुला?"

ती बाटली घेऊन धावली. मी मुलाच्या हातातून दोरी हिसकावून घेतली आणि होती तिथं परत बांधली.