रोजची दोन मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने पेट्रोल इंजिन आहे. आठ सिलिंडरचे, आगीच्या बंबाच्या पोटातले. तुम्ही मला धुराचा राक्षस म्हणता ना? म्हणा. माझे दिवस सरत आले, हे मला कळते. माझी तक्रार वेगळीच आहे.

कारखान्यातून नवा आलो, तेव्हा पाण्याने भरलेली टाकी घेऊन मी एका दमात टेकडी चढत असे. कापसाचे गोदाम पेटले त्या दिवशी सलग सहा तास पंप चालवला. चालककाकांनी बॉनेटवर थाप मारली, "शाब्बास रे पठ्ठ्या!" तेवढ्यावर मी पुढे कितीतरी वर्षे राबलो.

मग बॅटरीवर चालणारा बंब आला. ना आवाज, ना धूर. मी गेलो कोपऱ्यात. मोठ्या साहेबांनी मात्र एक संधी दिली. "सहा महिन्यांनी भरल्या टाकीने टेकडी चढला, तर राखीव म्हणून ठेवू. नाहीतर भंगारात."

काकांचा माझ्यावर भारी जीव. रोज सकाळी यायचे, किल्ली फिरवायचे, दोन मिनिटे मला घुरघुरू द्यायचे आणि बंद करायचे. "पेट्रोलही वाचतं आणि पठ्ठ्याही जागा राहतो," असे सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

अहो, दोन मिनिटांत माझे अंग धड कोमटही होत नाही! पेट्रोल जळले की थोडे पाणी तयार होते. मी चांगला तापलो, तर ते वाफ होऊन निघून जाते. नाही तापलो, तर आतच साचते आणि तेलात मिसळते. असे रोज, सहा महिने. मी खोकलो, आचके दिले. काका म्हणाले, "थकलाय बिचारा. जास्त दमवायला नको." अस्सा संताप आला! पण सांगणार कसे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

परीक्षेच्या दिवशी अर्धी टेकडी चढलो आणि आत खडखड सुरू झाली. मी बंद पडलो. मेकॅनिकबाईंनी तेलाचे झाकण उघडले. आतून दह्यासारखा पांढरा गाळ निघाला.

"काका, हे कधी नीट तापवलंच नाही का?"

"रोज चालू करत होतो, बाई. एक दिवस चुकवला नाही."

"तिथंच घोळ झाला. आठवड्यातून एकदा तासभर फिरवून आणलं असतं, तरी भागलं असतं. आता बेअरिंग गेली. याचे भाग कुठंच मिळत नाहीत. मला विचारायचं तरी!"

काका गाळाकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं हाच बंब चालवला मी. मला वाटलं, यात काय विचारायचं?"

आता मी शेडमागे लाकडी ठोकळ्यांवर पडून आहे. उद्या भंगारवाला येणार. मित्रांनो, वस्तूला जीव लावा, पण तिला काय हवे ते आधी जाणून घ्या. नुसत्या मायेने यंत्र चालत नाही.

आज सकाळी काका वही घेऊन मेकॅनिकबाईंकडे गेले. "या नव्या बंबाला काय लागतं, काय चालत नाही, जरा सांगता का?" बाई सांगत होत्या, काका लिहून घेत होते. मी इथून सगळे ऐकत होतो.

मोजून दोन मिनिटे लागली.