पेन्सिलीची रेघ

शिकाऊ पोरांना तीस वर्षं "हात पात्याच्या मागे ठेव" म्हणून दटावणाऱ्या सुतारवस्तादाच्या स्वतःच्याच मनगटात पटाशीचं पातं घुसलं. डॉक्टरांनी तुटलेला मज्जातंतू जोडला आणि सांगितलं, की तो वाढत बोटांपर्यंत जाईल, पण महिन्याला जेमतेम इंचभर. तोवर अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर.

इंच म्हटल्यावर वस्तादाला हुरूप आला. दर रविवारी तो तळहातावर टकटक करत जाई आणि जिथवर मुंग्या उठत तिथे कानावरची पेन्सिल काढून रेघ मारी. बायको म्हणे, अहो, हात आहे तो, फळी नव्हे.

त्या बोटांवरच त्याचं सगळं होतं. लाकूड घासून गुळगुळीत झालं की नाही, हे तो डोळे मिटून बोट फिरवून ठरवायचा. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी करायला घेतलेलं स्टूल खरबरीतच पडलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायची त्याची तयारी नव्हती.

रोज संध्याकाळी बायको त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधी, सुईचं टोक हळूच टेकवी आणि विचारी, कुठलं बोट? चौथ्या महिन्यात उत्तरं बरोबर येऊ लागली. ती हरखली, सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली. खरं तर वस्ताद नाकाजवळच्या फटीतून खाली बघत होता. उत्तर चुकलं की "असू दे, उद्या बघू," म्हणताना तिचा जड होणारा आवाज त्याला ऐकवत नव्हता. वेडा माणूस, दुसरं काय.

एकदा तिनं सुई मधल्या बोटाजवळ नेली आणि फोन वाजला, तशी ती थबकली. सुई टेकलीच नव्हती.

"मधलं," वस्ताद म्हणाला.

"बरोबर," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. आधी तिला राग आला, मग वाईट वाटलं. आठवडाभर ती मूग गिळून बसली.

रविवारी तिच्यासाठी ते अर्धवट स्टूल पुढे ओढताना वस्तादाचा हात, त्याला काही कळायच्या आत, झटकन मागे आला. स्टूल पायावर आदळलं. त्याचं पायाकडे लक्षच नव्हतं. हाताच्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ घुसलं होतं.

ती सुई घेऊन धावली.

"थांब," तो म्हणाला. "जरा दुखू दे."

तिनं टॉवेल आणला आणि यावेळी नाकाखालपर्यंत घट्ट ओढून बांधला.

"आता खरं सांगायचं."

वस्ताद ओशाळला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"फोन वाजला तेव्हापासून. बोट कुठलं?"

"काही कळत नाही," तो म्हणाला.

"आता?"

"नाही."

तिचा आवाज जड झाला नव्हता. तिनं पुन्हा सुई टेकवली.

"अंगठा," तो म्हणाला. "कुसळाच्या शेजारी."

तिनं कुसळ काढलं, त्याचा अंगठा धरून स्टुलाच्या कडेवर ठेवला आणि विचारलं, अजून किती घासायचंय? टॉवेल न सोडताच त्यानं अंगठा सावकाश फिरवला.

"बरंच आहे," तो म्हणाला. मग कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "आजची रेघ तू मार. माझा काही भरवसा नाही."

तिनं मारलेली रेघ वाकडी आली. टॉवेल सोडल्यावर वस्तादानं ती पाहिली, पण पुसली नाही.